बेरोजगारीचा दर वाचताना छेदाकडे पाहावे

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय एप्रिल २०२५ पासून देशाच्या बेरोजगारीचा आकडा दर महिन्याला जाहीर करते. पहिला मासिक आकडा १५ मे २०२५ रोजी आला आणि तो ५.१ टक्के होता. त्याआधीच्या वार्षिक अहवालात, म्हणजे जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी, हाच दर ३.२ टक्के दिलेला होता. काही महिन्यांत बेरोजगारी दीडपटीहून अधिक वाढली, असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला आणि तो चुकीचा होता, कारण दोन्ही आकडे दोन वेगवेगळ्या व्याख्यांनी मोजलेले होते. ज्या व्याख्येने मासिक आकडा काढला जातो, त्या व्याख्येने २०२३-२४ चा दर ४.९ टक्के होता. अर्थशास्त्र शिकवताना हा गोंधळ मला वर्षानुवर्षे भेटत आला आहे, आणि तो केवळ विद्यार्थ्यांचा नाही. बेरोजगारीचा दर हा अपूर्णांक आहे. त्याच्या अंशात कोण बसते याची चर्चा होते. छेदात कोण बसते आणि कोणाला तिथून उठवले जाते, याची चर्चा फारशी होत नाही. माझ्या मते भारतात, विशेषतः ग्रामीण भारतात, खरी माहिती छेदातच असते.

व्याख्येची मांडणी अशी आहे. पंधरा वर्षे आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येक व्यक्तीला तीनपैकी एका गटात टाकले जाते: काम करणारे, काम शोधणारे किंवा कामासाठी उपलब्ध असणारे, आणि या दोन्हींत न मोडणारे. पहिले दोन गट मिळून श्रमशक्ती होते. विद्यार्थी, निवृत्त, आजारी, आणि केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रिया तिसऱ्या गटात, म्हणजे श्रमशक्तीबाहेर जातात. बेरोजगारीचा दर म्हणजे दुसऱ्या गटाला श्रमशक्तीने भागून आलेली टक्केवारी. एकूण लोकसंख्येने नव्हे. त्यामुळे ज्याने काम शोधणे सोडून दिले आणि विचारल्यावर ‘आता नको’ असे सांगितले, तो बेरोजगार राहत नाही. तो अंशातूनही जातो आणि छेदातूनही जातो. आपल्याकडची व्याख्या या बाबतीत आंतरराष्ट्रीय प्रथेपेक्षा थोडी उदार आहे, हेही नोंदवले पाहिजे. काम मिळणारच नाही म्हणून शोधत नाही, पण मिळाले तर करीन, असे सांगणाऱ्याला भारतीय सर्वेक्षण बेरोजगार धरते. आंतरराष्ट्रीय मापदंडात प्रत्यक्ष शोध घेतलेला असणे ही सर्वसाधारण अट आहे.

काम करणारा कोणाला म्हणायचे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. मासिक आकडा ‘चालू साप्ताहिक स्थिती’वर आधारलेला असतो. मागच्या सात दिवसांत किमान एका दिवशी किमान एक तास काम केले असेल, तर ती व्यक्ती त्या आठवड्यात रोजगारात होती असे मानले जाते. हा एक तासाचा नियम ऐकून बहुतेकांना संताप येतो. तो समजून घ्यायला हवा, कारण १९८२ च्या कामगार सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला, तेव्हा त्यामागे हेतू होता. देशाच्या उत्पादनाच्या हिशेबात एका तासाचेही उत्पादन धरले जाते, तेव्हा ते करणारे हात रोजगाराच्या हिशेबात असले पाहिजेत. आणि बेरोजगारी म्हणजे कामाचा पूर्ण अभाव, अपुरे काम ही वेगळी बाब असून ती वेगळी मोजावी, अशी ती विचारसरणी आहे. श्रीमंत देशांत, जिथे बेकारभत्ता मिळतो आणि माणूस एक तर नोकरीत असतो किंवा नसतो, तिथे हा नियम निभावून जातो.

आपल्याकडे मजूर नाक्यावर सकाळी सातला उभा राहणारा बिगारी घ्या. सोमवारी त्याला स्लॅबच्या कामावर नेले. मंगळवार ते शनिवार तो नाक्यावर उभा राहून अकराच्या सुमारास खोलीवर परतला. साप्ताहिक स्थितीनुसार तो रोजगारात आहे, कारण नियमाप्रमाणे काम केल्याची नोंद काम शोधण्याच्या नोंदीपेक्षा वरचढ ठरते. पाच दिवसांची त्याची बेकारी दरात कुठेच येत नाही. जुन्या सर्वेक्षणांत यासाठी ‘चालू दैनिक स्थिती’ नावाची तिसरी पद्धत होती. तिच्यात प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे भाग केले जात आणि चार तास किंवा अधिक काम असेल तर पूर्ण दिवस, एक तास किंवा अधिक पण चारांहून कमी असेल तर अर्धा दिवस कामाचा धरला जाई. त्या पद्धतीत या बिगाऱ्याचे पाच दिवस बेकारीचे म्हणून मोजले गेले असते. आजचे मासिक आणि वार्षिक आकडे ज्यातून येतात ते नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण २०१७ मध्ये सुरू झाले तेव्हापासून दैनिक स्थितीवरचा बेरोजगारीचा दर दिला जात नाही. मला ही मोठी हानी वाटते.

वार्षिक अहवालातला ठळक आकडा मात्र ‘नेहमीच्या स्थिती’चा असतो, आणि तो याहूनही ढिला आहे. मागच्या ३६५ दिवसांचा विचार करून व्यक्तीने बहुतांश काळ श्रमशक्तीत घालवला की बाहेर, हे आधी ठरते. त्यानंतर दुय्यम कामाचा प्रश्न येतो: वर्षभरात एकूण ३० दिवस किंवा अधिक काळ काही आर्थिक काम केले असेल, तरी ती व्यक्ती काम करणाऱ्यांत गणली जाते. पुण्यातल्या अभ्यासिकेत वर्षभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, अर्ज भरणारा आणि नोकरीच्या शोधात असल्याचे सांगणारा पदवीधर सुगीच्या दिवसांत महिनाभर गावी जाऊन सोयाबीनच्या काढणीला वडिलांना हातभार लावतो. मुख्य स्थितीने तो बेरोजगार असतो. दुय्यम स्थिती जोडली की तो रोजगारात जातो.

या तीन पद्धतींनी एकाच वर्षाचे चित्र किती बदलते, ते २००४-०५ च्या आकड्यांत स्वच्छ दिसते. नेहमीच्या स्थितीनुसार बेरोजगारी २.३ टक्के होती, साप्ताहिक स्थितीनुसार ४.४ टक्के आणि दैनिक स्थितीनुसार ८.२ टक्के. माणसे तीच, वर्ष तेच. मोजण्याची खिडकी जितकी अरुंद, तितकी बेकारी अधिक दिसते, कारण आपल्या देशातली बेकारी ही सलग वर्षभर रिकामे बसण्याची नसून, वर्षाच्या आत तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आहे.

हे प्रथम स्पष्टपणे मांडण्यात मुंबईच्या एका अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, आणि महाराष्ट्रात तो पुरेसा आठवला जात नाही. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन आयोगाने नेमलेल्या समितीने १९७० मध्ये अहवाल दिला. पंचवार्षिक योजनांत तोवर ‘इतके कोटी बेकार’ असा एकच आकडा दिला जात असे. समितीने सांगितले की जिथे बहुसंख्य लोक घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात काम करतात, जिथे मजुरी, स्वतःची शेती आणि घरकाम एकाच माणसाच्या दिवसात एकत्र असते, तिथे सगळी बेकारी एका आकड्यात कोंबणे निरर्थक आहे. शेतमजूर, अल्पभूधारक, शहरी सुशिक्षित असे गट वेगळे पाहावेत आणि एकाहून अधिक मापे वापरावीत. या शिफारशींवर आधारलेले पहिले मोठे सर्वेक्षण, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २७ वी फेरी, ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात झाले. २०१९ मध्ये ‘४५ वर्षांतली सर्वाधिक बेरोजगारी’ अशा मथळ्यांनी गाजलेला २०१७-१८ चा ६.१ टक्क्यांचा दर याच फेरीपासून सुरू होणाऱ्या मालिकेशी जोडून पाहिला गेला होता.

२७ व्या फेरीचे ते वर्ष महाराष्ट्रासाठी कोणते होते, हे सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून येतो. अन्वेषक घरोघरी जाऊन नव्या व्याख्यांचे तक्ते भरत होते, त्याच महिन्यांत खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसांची रीघ लागली होती. मे १९७३ मध्ये या कामांवरची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली. एरवी नेहमीच्या स्थितीत ‘स्वतःच्या शेतीत काम करणारे’ म्हणून नोंदले गेले असते असे अल्पभूधारकही त्यांत होते, आणि ज्यांना तक्त्याने श्रमशक्तीबाहेर टाकले असते अशा स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. काम उपलब्ध झाले तेव्हा त्या आल्या. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचे मोल केवळ मदतीत नाही. जो कोणी मागेल त्याला ठरलेल्या मजुरीवर अंगमेहनतीचे काम द्यायचे, हा नियम स्वतःच एक माप ठरतो, कारण उन्हात हातोडी घेऊन बसायला गरज नसलेला माणूस येत नाही. १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. बेकारी मोजण्याच्या इतिहासात त्या कामांवरच्या हजेरीपटांना सर्वेक्षणांच्या बरोबरीचे स्थान मिळायला हवे होते, असे मला वाटते.

आता छेदाच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, आणि तो स्त्रियांच्या कामाचा आहे.

दरवर्षी मी वर्गात एक अभ्यास देतो. सर्वेक्षणातल्या कामाच्या स्थितीचे संकेतांक विद्यार्थ्यांना देऊन त्यांनी आपल्याच घरातल्या माणसांची नोंद करायची. वडील, भाऊ यांची नोंद पटकन होते. आईच्या नोंदीपाशी लेखणी थांबते. जुन्नर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने आईचा दिवस लिहून आणला होता. पहाटे गोठ्यातले शेण काढणे, दोन गायींच्या धारा, मुलाच्या हाती दूध डेअरीत पाठवणे, स्वयंपाक, डबे, नंतर कांद्याच्या रोपांची खुरपणी, दुपारी बांधावरून वैरण कापून आणणे, ओढ्याकडून सरपण, संध्याकाळी पुन्हा धारा आणि पुन्हा चूल. डेअरीचे खाते वडिलांच्या नावावर, सातबारा आजोबांच्या नावावर. मुलीने प्रथम आईपुढे ९२ लिहिले होते, म्हणजे ‘केवळ घरकाम’. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘आईला विचारलं तर ती म्हणाली, मी कुठं काय करते, घरीच असते.’

तक्त्याच्या नियमांनी पाहिले तर त्या दिवसाचे तीन तुकडे होतात. धारा आणि खुरपणी हे आर्थिक काम आहे, त्यासाठी संकेतांक २१: घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस. रानातून फुकट सरपण, भाजी, वैरण गोळा करणे आणि घरच्यासाठी शिवणटिपण करणे, हे घरकामाबरोबर होत असेल तर संकेतांक ९३, आणि तो श्रमशक्तीबाहेरचा आहे. स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे हे ९२, तेही बाहेरचे. दूध काढले तर आर्थिक काम, मग ते घरीच प्यायले तरी. त्याच दुधाचे घरच्यापुरते तूप कढवले तर नाही. या बाईला कामकरी म्हणायचे की नाही, हे ती काय करते यापेक्षा अन्वेषकाने दुसरा प्रश्न विचारला की नाही यावर ठरते. ‘काम करता का?’ याचे उत्तर ‘नाही’ येते. ‘गुरांचे कोण पाहते? खुरपायला कोण जाते?’ असे विचारले की उत्तर बदलते. मुंबईतील सीएमआयई या खासगी संस्थेच्या सर्वेक्षणात स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग दहा टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि सरकारी सर्वेक्षणात तो कितीतरी अधिक, यामागेही विचारण्यातला आणि व्याख्येतला हा फरक आहे.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांचे सरकारी आकडे पाहावेत. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. ग्रामीण स्त्रियांमध्ये तो २४.६ वरून ४७.६ वर गेला. त्याच काळात देशाचा बेरोजगारीचा दर ६.१ वरून ३.२ टक्क्यांवर आला. हे दोन बदल एकमेकांशी जोडलेले आहेत, आणि ते कसे, हे छोट्या हिशेबाने कळते. समजा, एखाद्या गावात शंभर प्रौढ आहेत, त्यांतले सत्तेचाळीस कामात आणि तिघे बेकार आहेत. दर सहा टक्के. पुढच्या वर्षी दहा स्त्रिया घरच्या शेतात मदतीला लागल्या. तिघे बेकार तसेच आहेत, पण श्रमशक्ती साठ झाली आणि दर पाच टक्के झाला. एकाही बेकाराला नोकरी लागली नाही. प्रत्यक्षात देशात बेकारांचे प्रमाणही कमी झाले आहे, म्हणून सारी घट छेदामुळे झाली असे मी म्हणणार नाही. पण छेदाचा वाटा लहान नाही.

श्रमशक्तीत आलेल्या या स्त्रिया कुठल्या कामात गेल्या, तेही अहवालाच्या तक्त्यांतून ढोबळ काढता येते. शंभर प्रौढ स्त्रियांमागे काम करणाऱ्या २०१७-१८ मध्ये बावीस होत्या, २०२३-२४ मध्ये चाळीस. या वाढलेल्या अठरांपैकी सुमारे आठ बिनपगारी मदतनीस आहेत, आणि जवळपास तितक्याच स्वतःच्या छोट्या उद्योगात किंवा शेतीत आहेत. नियमित पगाराच्या कामात वाढलेल्या दोनहूनही कमी भरतात. काम करणाऱ्या स्त्रियांत पगारदारांचा वाटा तर २१ टक्क्यांवरून १५.९ टक्क्यांवर घसरला. एवढ्या स्त्रिया खरोखर नव्याने कामाला लागल्या, की आधीपासून चाललेले काम आता अधिक काळजीने नोंदले जाऊ लागले, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात असे माझे मत आहे. नोंद सुधारली असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या सुधारणेला रोजगारनिर्मिती म्हणणे अयोग्य आहे. जिला महिन्याच्या शेवटी स्वतःच्या हातात एक रुपया मिळत नाही, तिची गणना कंपनीत नोकरी लागलेल्या मुलीच्या बरोबरीने एकाच स्तंभात होते, आणि मग तो स्तंभ वाढला म्हणून समाधान व्यक्त होते, हे मला अस्वस्थ करते.

एक तासाचा नियम स्वीकारणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ मध्ये व्याख्या बदलली. मोबदला किंवा नफा यांसाठी केलेले कामच रोजगार, आणि स्वतःच्या घरी खाण्यापुरते पिकवणे हे काम असले तरी रोजगार नव्हे, अशी विभागणी तिने केली. घरच्या बाजारपेठी उद्योगातली मदतनीस त्या व्याख्येतही रोजगारातच राहते. पण घरापुरत्या शेतीची नोंद वेगळी होते. भारताने अजून जुनी चौकट ठेवली आहे. ती बदलली तर सहभाग दर खाली येईल आणि जुन्या मालिकेशी तुलना तुटेल, म्हणून घाईने बदलू नये हे मला मान्य आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला मात्र काहीच हरकत नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. रोजगार मार्गदर्शन केंद्रांतल्या नोंदणीचे आकडे बेरोजगारीचे माप म्हणून वापरू नयेत. तिथे आधीच नोकरीत असलेले आणि शिकत असलेलेही नाव घालतात, आणि गावातला शेतमजूर तिथे फिरकतही नाही. दुसरे असे, की कमी बेरोजगारी हे समृद्धीचे लक्षण नेहमी नसते. गरीब घरातल्या माणसाला रिकामे राहून चांगल्या कामाची वाट पाहणे परवडत नाही. तो भाजीची हातगाडी लावतो आणि रोजगारात जातो. म्हणूनच १५ ते २९ वयोगटात, ज्यांना आई-वडील काही काळ पोसू शकतात त्या मुलांमध्ये, दर अधिक असतो: २०२३-२४ मध्ये तो १०.२ टक्के होता.

मोजणीच्या बाहेर राहिलेल्यांबद्दल एक जुना प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पूर्वीच्या पंचवार्षिक रोजगार सर्वेक्षणांत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना विचारले जाई की घरच्या घरी करता येईल असे काम मिळाले तर कराल का. २०११-१२ मध्ये त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश स्त्रियांनी होकार दिला होता आणि सर्वाधिक पसंती शिवणकामाला होती. या स्त्रिया बेरोजगारीच्या अंशात नव्हत्या आणि छेदातही नव्हत्या. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने त्यामागचे कारण मिनिटांत मांडले: घरातल्या बिनमोबदला कामासाठी ते करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७. पाच तास घरात गेल्यावर उरलेल्या वेळात, उंबऱ्याजवळ मिळेल तेवढेच काम ती मागू शकते.

जानेवारी २०२५ पासून श्रमशक्ती सर्वेक्षणाचा नमुना मोठा झाला आहे, निवडलेल्या घरांची संख्या सुमारे एक लाखावरून २ लाख ७२ हजारांवर गेली आहे आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जात आहे. त्यामुळे बीड आणि पुणे, गडचिरोली आणि ठाणे यांना एकाच राज्याच्या सरासरीत मिसळण्याची अपरिहार्यता कमी होऊ शकते. बीडच्या ऊसतोड जोडप्याचे उदाहरण पुरेसे आहे. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे गेलेला कोयता, म्हणजे हे जोडपे, मार्च-एप्रिलमध्ये परततो आणि पुढचे महिने गावात मिळेल त्या कामावर काढतो. नेहमीच्या स्थितीत नवरा-बायको दोघेही वर्षभर ‘रोजगारात’ असतात, आणि जून महिन्याच्या साप्ताहिक स्थितीत कदाचित नसतात. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने जिल्हावार, महिनावार आणि बिनपगारी मदतनीसांना पगारी कामापासून वेगळे दाखवणारे तक्ते मराठीतून नियमित प्रसिद्ध करावेत, अशी माझी मागणी आहे. मी ती लेखी कळवणार आहे, आणि ज्या वाचकांना हा विषय महत्त्वाचा वाटतो त्यांनीही कळवावे.